जॅकार्डचे पत्ते, संग्रहालय आणि संगणकाचा वर्ग : सोलापूरकरांनो, मत द्या

मागावरची लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

आमच्या भाऊबंदांपैकी एकांनी पूर्व भागातल्या कारखान्यातले जुने जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणणारे माग, मोडीत काढले. त्याबरोबर डिझाइनचे पत्तेही निघाले, पोत्यांनी. भोकं पाडलेले जाड पुठ्ठे, एकाला एक दोऱ्यानं ओवलेले. कशात मोर आहे, कशात वेलबुट्टी आहे हे नुसतं बघून मला तरी कळत नाही. रद्दीवाला किलोच्या भावानं न्यायला तयारच होता. काही माळा मी मागून घेतल्या आणि तेव्हापासून एक विचार डोक्यात घोळतोय.

परदेशातली संग्रहालयं जुनी यंत्रं नुसती काचेआड ठेवत नाहीत, सर्वसामान्यांसाठी संगणकाचे वर्गही घेतात. बोस्टनच्या कंप्युटर म्युझियमनं १९९३ मध्ये एमआयटी मीडिया लॅबला सोबत घेऊन 'कंप्युटर क्लबहाऊस' सुरू केलं. शाळा सुटल्यावर गरीब वस्त्यांतल्या मुलांनी यायचं, परीक्षा नाही, सुचेल ते बनवायचं. ते संग्रहालय १९९९ मध्ये बंद झालं, पण क्लबहाऊस टिकलं. ते तिथल्याच म्युझियम ऑफ सायन्समध्ये गेलं आणि पुढं जगभर त्याच्या शाखा निघाल्या. जर्मनीत पाडरबोर्नच्या हाइन्झ निक्सडॉर्फ संग्रहालयातही मुलांसाठी प्रोग्रामिंगच्या कार्यशाळा होतात.

आपल्याकडे केगावला विज्ञान केंद्र आहे, भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. अशा एखाद्या ठिकाणी कुणालाही येता येईल असा संगणकाचा वर्ग का असू नये? आणि तो सोलापूरच्या जॅकार्डपासूनच का सुरू होऊ नये? मला अर्ज करायचा आहे. त्याआधी तुमची मतं हवीत. कोण येईल, कुठं घ्यावा, काय शिकवावं? मनापासून लिहा, मोडता घालणारं असलं तरी चालेल.

पार्क चौक

मोडता घालतो मग.

ताई, गल्लीगल्लीत संगणकाचे क्लास आहेत. एमएस-सीआयटी २००१ पासून आहे, सरकारी नोकरीला ते लागतं, म्हणून पोरं पैसे भरून जातात. टायपिंगवाले जीसीसी-टीबीसी करतात, तीसचा स्पीड, चाळीसचा स्पीड. लोकांना कागद पाहिजे असतो. संग्रहालयानं दिलेल्या कागदाला कोण विचारतंय? ज्या कोर्सनं नोकरी लागत नाही त्याला आपल्या गावात चार दिवस गर्दी आणि पाचव्या दिवशी खुर्च्या रिकाम्या.

दुसरं, संग्रहालयाचं काम जतन करण्याचं. ते आधी नीट होऊ द्या. क्लास काढायला क्लासवाले आहेत की.

हुतात्मावाला

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, महिन्यातले दोन शनिवार-रविवार सोलापुरात असतो. मला कल्पना फार आवडली. आमच्या कंपनीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसेल की आपला धंदा मागावरून आलाय.

थोडक्यात इतिहास: फ्रान्समधल्या ल्याँमध्ये जोसेफ-मारी जॅकारनं १८०४ च्या सुमारास पत्त्यांवर चालणारा माग बसवला, जॅकार्ड हे नाव त्याचंच. त्याच्याही आधी, १७२५ मध्ये, बुशाँनं भोकांच्या कागदी पट्टीचा प्रयोग केला होता. इंग्लंडात चार्ल्स बॅबेजनं ही युक्ती आपल्या ॲनालिटिकल इंजिनसाठी, म्हणजे आकडेमोडीच्या यंत्रासाठी उचलली. ते इंजिन काही पुरं झालं नाही. पण १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं त्यावर लिहिताना म्हटलं की जॅकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणेल. मग अमेरिकेत हॉलेरिथनं १८९० ची जनगणना पत्त्यांवर मोजली, आणि त्याच्याच कंपनीतून पुढं आयबीएम झाली. ८० रकान्यांचा आयबीएमचा पत्ता कित्येक दशकं जगभर चालला.

बॅबेजच्या दिवाणखान्यात जॅकारचं रेशमात विणलेलं चित्र असायचं. त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले होते. पाहुण्यांना ते कोरीव छपाईचं चित्र वाटायचं.

म्हणजे काय, संगणकाचं आजोळ मागाच्या घरात आहे. आपल्या पोरांना हे सांगायला नको?

पंचिंगवाला

इतकी वर्षं पत्ते पाडतोय, म्हणून दोन शब्द.

आधी जॅकार्ड चालतो कसा ते. आडव्या एका धाग्याला एक पत्ता. पत्ता चौकोनी सिलिंडरवर बसून सुयांवर टेकतो. भोक असेल तिथं सुई आत शिरते, तिचा हूक जागेवर राहतो, वर जाणारी सुरी त्याला उचलते, आणि त्याला बांधलेले ताण्याचे उभे धागे वर येतात. भोक नसेल तर पत्ता सुईला मागं ढकलतो, हूक सुरीवरून सुटतो, धागे खालीच. मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. सिलिंडर फिरला की पुढचा पत्ता. आम्ही आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढायचो, एक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एक गाठभेट, आणि ओळ ओळ वाचत पंच मारायचा. आता डिझाइन संगणकावर होतं. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला तर पत्ताच लागत नाही, ते १९८३ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात पहिल्यांदा आले.

पण हुतात्मावाले मालक, एक गोष्ट खटकली. जॅकार्डला संगणक म्हणून विकू नका. तो सांगितलं तेवढंच करतो. धागा तुटला तरी पुढचा पत्ता येणार म्हणजे येणार. "असं झालं तर हे कर, नाहीतर ते कर" हे त्याला येत नाही. ते विणकराच्या डोक्यात असतं, तो माग थांबवतो. पोरांना शिकवायचं तर हा फरक आधी सांगा. नाहीतर संगणकाचा शोध सोलापुरात लागला म्हणून लोक फॉरवर्ड करतील.

हुतात्मावाला

मालक, शंभर टक्के मान्य. बॅबेजचा खरा पल्ला तिथंच होता. त्याच्या इंजिनात आलेल्या उत्तरावरून पत्त्यांची माळ मागं किंवा पुढं सरकवायची सोय होती. मागावरची माळ गोल फिरत राहते, त्याची माळ उत्तर बघून हलणार होती. वर्गातला हा दुसरा धडा ठेवा, पहिला तुमचा.

मिल्टन कीन्सचा सोलापूरकर

इकडं इंग्लंडात घरापासून जवळ ब्लेचली पार्क आहे. तिथं दोन वेगळ्या संस्था आणि दोन वेगळी तिकिटं, नवखे लोक गोंधळतात. संगणकाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे ते ब्लॉक एच मध्ये. महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेश फोडायला जी कोलोसस यंत्रं होती, त्यांच्यासाठी बांधलेली ही इमारत. युद्धानंतर ती यंत्रं बहुतेक मोडून टाकली. टोनी सेल आणि सोबत्यांनी १९९३ पासून खपून एक कोलोसस पुन्हा उभा केला, २००७ मध्ये तो संदेश फोडू लागला.

पण मुलांना घेऊन गेलो की ती रमतात ती बीबीसी मायक्रोच्या वर्गात. १९८० च्या दशकातले ते बेज रंगाचे संगणक ओळीनं मांडलेत, चालू आहेत, आणि हात लावायला मनाई नाही. शाळांच्या सहली येतात, बेसिक या संगणकाच्या भाषेत दोन ओळी लिहितात आणि पडद्यावर स्वतःचं नाव धावतं. टॅबलेटवर वाढलेली पोरं चेकाळतात. कारण साधं आहे, मशीन चालू केलं की समोर रिकामा पडदा आणि लुकलुकणारी रेघ, तुम्ही सांगाल तेव्हाच काहीतरी होणार.

तिथलंच दुसरं यंत्र या धाग्यासाठी जास्त कामाचं. विच म्हणतात त्याला. हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात १९५१ पासून ते आकडेमोड करायचं. नंतर जुनं झालं म्हणून भंगारात घातलं नाही. कॉलेजांची स्पर्धा लावली, की कोण याचा शिकवायला उत्तम उपयोग करेल. वुल्व्हरहॅम्प्टनच्या कॉलेजला १९५७ मध्ये ते मिळालं आणि १९७३ पर्यंत विद्यार्थी त्यावर शिकले. मंद इतकं की एका गुणाकाराला पाच-दहा सेकंद. पण अंक दिव्यांच्या नळ्यांत फिरताना डोळ्यांनी दिसतात, म्हणून तर शिकवायला बरं. २०१२ मध्ये ते पुन्हा चालू केलं.

पार्क चौक साहेब, जतन करणं आणि शिकवणं या दोन गोष्टी भांडत नाहीत, असं इकडं बघून वाटतं. चालू यंत्राला माणसं लागतात, ती पुढं यायची तर शिकवावंच लागतं.

कडक भाकरी

धागा छान चाललाय. पण जॅकार्डवर मोर पहिला की कमळ पहिलं यावर एक स्वतंत्र धागा निघावा ही नम्र विनंती. 😄

निवृत्त मास्तर

बीबीसी मायक्रोचं नाव वाचून हसू आलं. आपल्याकडं हेच संगणक १९८४ मध्ये शाळांत आले होते. केंद्र सरकारचा 'क्लास' नावाचा प्रकल्प होता, शाळांतून संगणक साक्षरता. देशभरातल्या निवडक शाळांना यंत्रं दिली.

मी तेव्हा नवा शिक्षक होतो, आमच्या शाळेलाही मिळाले. शाळेचं नाव लिहीत नाही. संगणकाच्या खोलीला दोन कुलुपं, किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात, चपला बाहेर, पोरांनी हात मागं बांधून बघायचं. बिघडला तर जबाबदार कोण, ही भीती. ज्या यंत्राच्या दोन ओळी पोरांनी स्वतः टाइप करायच्या, त्या आम्ही फळ्यावर लिहून द्यायचो आणि पोरं वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेत प्रश्न: संगणकाचे उपयोग सांगा. यंत्रं जुनी झाली तीही नव्यासारखी चकचकीत.

म्हणून माझी अर्जात एकच अट घाला. जे ठेवाल त्याला लोकांचे हात लागले पाहिजेत. मोडलं तर दुरुस्त करायचं, तोही धडाच. कोलकात्याचं बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालय १९५९ चं, त्यांनी टीव्ही दुरुस्तीसुद्धा शिकवलेली आहे. तेव्हा संग्रहालयानं शिकवणं आपल्या देशात नवं नाही.

कुंभारीची सुजाता

मी सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय सगळ्यांनी, पण बॅबेज-फिबेज राहू द्या जरा बाजूला. माझी आई विड्या वळते. आमच्या वसाहतीत घरटी एक तरी बाई विड्या वळणारी. त्यांना संगणक कशासाठी लागतो ते ऐका.

पीएफ. आधारवर नाव एक, कारखान्याच्या रजिस्टरला दुसरं. आमची तेलुगू आडनावं, लिहिणाऱ्यानं कानाला आलं तसं लिहिलं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की पैसे अडकतात. बाया नेट कॅफेवाल्याकडं जातात, तो प्रत्येक वेळी पैसे घेतो, पासवर्ड स्वतःच ठेवतो, नंबर कधी कधी स्वतःचाच टाकतो. मग ओटीपी कुणाकडं येणार? पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला दर वर्षी. तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पण हे आमच्याकडं सांगितलं कुणी? लाडक्या बहिणीची केवायसी आली तेव्हा तर रात्री जागून बाया बसलेल्या.

आता वर्गाचं. पंतप्रधानांची डिजिटल साक्षरता योजना २०१७ मध्ये निघाली, वीस तासांची, फुकट. पण ती ग्रामीण कुटुंबांसाठी. शहरातल्या विडीवाल्या बायांचं काय? आणि ती २०२४ च्या मार्चमध्ये संपलीसुद्धा.

केगाव कुठं, कुंभारी कुठं. केगाव पुणे रोडला, आम्ही अक्कलकोट रोडला, पूर्ण गाव ओलांडायचं. जायला-यायला जेवढा वेळ आणि भाडं तेवढ्यात किती विड्या होतात हे आईला तोंडपाठ आहे. ती नाही येणार. वर्गच इकडं आला तर येईल. नळाला पाणी येतं त्या दिवशी ठेवू नका, कुणी फिरकणार नाही. शिकवणाऱ्याला तेलुगू आलं पाहिजे, नुसतं मराठी बोलून पन्नाशीच्या बाया मान हलवतील आणि घरी येऊन मला विचारतील. कन्नडवाल्याही आहेत.

तुमचे पत्ते दाखवा, माझी काही हरकत नाही. पण पहिल्या दिवशी पासवर्ड शिकवा.

पार्क चौक

सुजाता ताईंचं पटलं. हे गल्लीतल्या क्लासमध्ये कुणी शिकवत नाही, खरं आहे. तिथं वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. पण मग मला सांगा, यात संग्रहालय कशाला? हे काम वॉर्डातल्या एखाद्या समाजमंदिरात होईल. संग्रहालयाच्या नावानं नुसती पाटी लावायची का?

मागावरची लेक

पार्क चौक दादा, नेमका प्रश्न विचारलात. मला जमेल तसं उत्तर देते.

सुजाताच्या आईला पासवर्ड कुणीही शिकवेल. पण तो नेट कॅफेवाल्याला का देऊ नये हे तिला पटायचं असेल, तर मशीनच्या आत काय होतं ते थोडं तरी दिसलं पाहिजे. दिसायला वस्तू लागते. मोबाईल उघडून दाखवला तर काळी चिप दिसते, पुढं काहीच नाही. पत्त्यात भोक दिसतं. भोक दुसऱ्या जागी पडलं की नक्षी चुकते, हे आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही, चुकलेल्या चादरी तिनं पाहिल्यात. आडनावातलं एक अक्षर बदललं की मशीनच्या लेखी दुसराच माणूस, हे त्याच पत्त्यावर समजावता येतं. अशी वस्तू आणि ती समजावणारा माणूस, दोन्ही जवळ असणारी जागा म्हणजे संग्रहालय. समाजमंदिरात पत्ते आणून ठेवायलाही माझी ना नाही. मग ते समाजमंदिर तेवढ्यापुरतं संग्रहालयच झालं.

एमएस-सीआयटीशी स्पर्धा करायची नाही, हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहिणार. ज्याला नोकरीसाठी कागद हवा त्यानं तिकडंच जावं.

हुतात्मावाला

एक प्रयोग सुचवतो, फुकटात होतो. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळे संगणक वापरतात त्या अक्षरांच्या यादीत, क्रमांक आहे. 'अ' चा २३०९. तो शून्य-एक मध्ये लिहिला की १००१०००००१०१, बरोबर बारा जागा. गंमत म्हणजे आयबीएमच्या जुन्या पत्त्यावरही एका रकान्यात बाराच ओळी असायच्या. (त्यांची अक्षरं लिहायची रीत वेगळी होती, फक्त बारा जुळतं.) आता कोऱ्या पुठ्ठ्यावर बारा चौकोन आखा. डावीकडून पहिला, चौथा, दहावा आणि बारावा पाडा. झाला 'अ'. 'क' चा क्रमांक २३२५, त्यात आठवं भोक वाढतं, बाकी तेच. म्हणजे 'अ' चा 'क' व्हायला एक भोक पुरतं.

सुजाता ताई, तुमच्या आडनावाचं एक अक्षर कुठं अडकतं ते यावर हातानं दाखवता येईल. तेलुगू अक्षरांनाही असेच क्रमांक आहेत. त्यांचे आकडे तीन हजारांच्या पुढचे, पण चार हजाराच्या आत, म्हणजे बारा चौकोन त्यांनाही पुरतात.

पंचिंगवाला

हे मस्त आहे बे! पंच माझ्याकडं आहे, हातानं मारायचा. पुठ्ठाही देतो. तेलुगूही बोलतो. आमच्या घरी दोन्ही चालतं.

कुंभारीची सुजाता

पंचिंगवाले अण्णा, तुम्ही शिकवायला येणार का मग?

पंचिंगवाला

शिकवायचं म्हणजे काय, पत्ता कसा पडतो ते दाखवेन. पासवर्डचं तुम्ही बघा. मला माझा पासवर्ड मुलगी टाकून देते. 😄

निवृत्त मास्तर

अर्ज कुणाकडं करणार? ज्या संस्थेची जागा तिच्याकडं आधी जा, वरिष्ठांकडं नंतर. शिवाय खर्चाचा कागद वेगळा जोडा. संगणक नवे मागू नका. कॉलेजांतून, बँकांतून काढलेले जुने चालतील. त्यावर लिनक्स टाकलं तर परवान्याचा खर्च नाही. मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट कळफलकानं शिकवा, जुन्या फॉन्टात अडकवू नका, नाहीतर पोरं छापखान्याबाहेर कुठं वाचता न येणारं लिहीत बसतील. शहराच्या मधोमध जागा लागली तर हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारून बघा. वाचनाची सवय असलेली माणसं तिथं येतातच.

पार्क चौक

वीज, देखभाल आणि शिकवणाऱ्याचं मानधन, या तीन ओळी खर्चात ठळक दाखवा. फुकट शिकवणारा तीन महिने टिकतो. मी अजून विरोधातच आहे, पण आमच्या ऑफिसातले काढलेले काही मॉनिटर आहेत, रीतसर पत्र दिलंत तर विचारून बघेन.

मिल्टन कीन्सचा सोलापूरकर

गड्ड्याच्या यात्रेला येतोय. ब्लेचलीतला वर्ग कसा मांडलाय त्याचे फोटो काढून आणतो. टेबलांची उंची, मुलांना दिलेला एका पानाचा कागद, सगळं. लेक, अर्जाला जोडायला उपयोग होईल का?

मागावरची लेक

होईल की! एका पानाचा कागद आधी पाठवा, त्याचं मराठी-तेलुगू आपल्याला करायचं आहे. मास्तर, तुमची अट शब्दशः घेतेय. सुजाता, पहिल्या तासाला पासवर्ड, ठरलं. वसाहतीत पाण्याचे दिवस कसे येतात तेवढं कळव, वेळापत्रक त्यावरून करू.

कुंभारीची सुजाता

दिवस ठरलेला असता तर सांगितलं असतं ना ताई. आदल्या रात्री कळतं. वेळापत्रक नका करू, व्हॉट्सॲप ग्रुप करा.